सेक्रेटरींच्या मेहुण्याचं कोटेशन, दिवाळीचा डबा आणि बाकड्यावरचं नाव

सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाने वागायचं कसं, या विषयावर मागच्या अंकात पत्रं मागवली होती. ठाणे आणि नवी मुंबईतून भरपूर आली म्हणून या वेळी तिकडचीच घेतेय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, कुणाची नोकरी तर कुणाचा शेजार त्यात अडकलाय. लांब पत्रं थोडी कापली आहेत, एवढंच.

प्रश्न: आमच्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि बाहेरचं पेंटिंग असं मोठं काम निघालं. तीन कोटेशन्स आली, सगळ्यात कमी रेटवाल्याला काम दिलं आणि काम झालंही चांगलं. आता कळलं की ती फर्म सेक्रेटरींच्या सख्ख्या मेहुण्याची आहे. ग्रुपवर विचारलं तर ते म्हणाले रेट कमी होता, काम चोख झालं, कुणाचं काय नुकसान झालं ते दाखवा. अर्धे मेंबर म्हणतात जाऊ दे, माणूस फुकट राबतो, उगाच कशाला दुखवायचं. माझंच चुकतंय का?
— एक सभासद, कासारवडवली

उत्तर: नाही ताई, तुमचं काही चुकत नाहीये, आणि ‘नुकसान दाखवा’ हे उत्तरच होऊ शकत नाही. नुकसान झालं की नाही हे ज्या कागदांवरून कळेल ते सगळे सेक्रेटरींच्याच कपाटात आहेत, तुम्ही दाखवणार कुठून? तीन कोटेशन्स आली म्हणता, पण ती मागवली कुणी? सीलबंद पाकिटात आली आणि कमिटीसमोर फोडली, की एकेक करत सेक्रेटरींच्या मोबाईलवर आली? मोबाईलवर आली असतील तर आधीच्या दोघांचे रेट मेहुण्याला कळले नसतील याची खात्री कोण देणार? असं झालंच असेल असं मी म्हणत नाही, सेक्रेटरी अगदी सरळ माणूस असू शकतो, पण आता तो सरळ आहे हे त्यालाही सिद्ध करता येत नाहीये आणि ही वेळ त्याने स्वतःच स्वतःवर आणली आहे.

शिवाय काम झालं म्हणजे विषय संपला असंही नाही. वॉटरप्रूफिंगचं काय ते दोन पावसाळे गेले की कळतं. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात ओल धरली की कॉन्ट्रॅक्टरला फोन कोण करणार, गॅरंटीवरून त्याच्याशी वाद कोण घालणार, आणि बिलातली जी थोडी रक्कम आपण अडकवून ठेवतो ती सोडायची की नाही हे कोण ठरवणार? सेक्रेटरीच ना. बायकोच्या भावाचे पैसे अडवून धरणं किती जणांना जमेल सांगा. जमलं तरी घरात रोज तोच विषय, आणि नाही जमलं तर भुर्दंड सगळ्या सोसायटीला. म्हणून नात्यातल्या माणसाच्या कामात निर्णय आपण घ्यायचा नसतो, आपण वाईट आहोत म्हणून नाही, आपल्याला दोन्हीकडून ओढ लागते म्हणून.

करायला हवं होतं ते फार थोडं होतं. कोटेशन्स उघडायच्या आधी कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगायचं की यातली एक फर्म माझ्या मेहुण्याची आहे, ते मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावायचं, आणि त्या विषयापुरतं खोलीतून उठून बाहेर जायचं. पाकिटं दुसऱ्याने फोडायची, बिल दुसऱ्याने तपासायचं, चेकवर सही दुसऱ्या पदाधिकाऱ्याने करायची. एवढं होऊन काम त्याच मेहुण्याला मिळालं असतं तर कुणाला ब्र काढायला जागा नव्हती. मला या सगळ्या विषयात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली वाटते असं विचाराल तर ती हीच, आपला संबंध आधी सांगायचा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हायचं. नंतर कुणी शोधून काढल्यावर सांगितलं तर त्याचा काही उपयोग नसतो.

कायद्याचं म्हणाल तर सोसायटीच्या उपविधीत स्पष्ट आहे, कमिटी मेंबरचा सोसायटीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो कमिटीवर राहायला अपात्र ठरू शकतो. मेहुण्याची फर्म त्यात बसते का यावर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वाद होईल, वकील दोन्ही बाजूने बोलतील. पण मी लगेच तिकडे धावा असं म्हणणार नाही. आधी साधं पत्र द्या, तिन्ही कोटेशन्स, त्या मीटिंगचे मिनिट्स आणि बिलं बघायला मागा, तो सभासदाचा हक्क आहे. ग्रुपवर चोर-बिर म्हणू नका, त्याने मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि भांडण तेवढं उरतं. मग येत्या जनरल बॉडीत विषय घ्या की यापुढे ठरावीक रकमेच्या वरचं काम असेल तर प्रत्येक कमिटी मेंबरने नातं-भागीदारी लेखी सांगायची. हा ठराव आत्ताच करून घ्या, कारण उद्या रिडेव्हलपमेंटचा विषय आला की रक्कम लाखांत नसते, कोटींत असते. नौपाडा, पाचपाखाडी, वाशी, सगळीकडे ते चालू आहे. 4 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे त्यासाठी, मीटिंगचं व्हिडिओ शूटिंग, उपनिबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर, हे सगळं त्यात कशासाठी घातलंय हे तुमच्या गच्चीच्या कामावरूनच समजेल.

आणि फुकट राबतात हे खरंच आहे. पाण्याचा टँकर, लिफ्टवाला, वॉचमन, सगळ्यांचे फोन रात्री अकराला सेक्रेटरीलाच येतात. त्याबद्दल आभार माना, वार्षिक सभेत माना, टाळ्या वाजवा. हिशोब विचारायचा तो विचारायचाच.

प्रश्न: ताई, मी स्पर्धा परीक्षेतून लागलो, बेलापूरला राज्य सरकारच्या एका ऑफिसात आहे. दिवाळीत एका कॉन्ट्रॅक्टरचा माणूस प्रत्येकाच्या टेबलवर ड्रायफ्रूटचा डबा ठेवून गेला, खाली पाकीट होतं. मी डबा ठेवला, पाकीट परत दिलं. सीनियर म्हणाले की तू आम्हा सगळ्यांना खोटं पाडलंस, ही पद्धत आहे, यात काम करून द्यायचं वगैरे काही नसतं. तेव्हापासून कुणी जेवायला पण बरोबर घेत नाही. मी जास्त केलं का?
— नवीन कर्मचारी, घणसोली

उत्तर: अजिबात जास्त केलं नाहीस. डबाही परत गेला असता तर आणखी बरं झालं असतं, पण त्यावर वाईट वाटून घेऊ नकोस.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे आहेत, तुला ट्रेनिंगमध्ये सांगितले असतील. नातेवाईक, जवळचे मित्र, लग्नकार्यातला आहेर हे वेगळं, आणि ज्याचं काम तुमच्या ऑफिसात आहे त्याने दिलेली वस्तू वेगळी, हा फरक त्यात आहे. चहा पाजला, गाडीतून स्टेशनला सोडलं, अशा साध्यासुध्या गोष्टींना कुणी भेट म्हणत नाही. पण ज्याची फाईल टेबलावर आहे त्याच्याकडून वारंवार किंवा भारी पाहुणचार घेऊ नये असंही त्यातच आहे. आणि पाकीट हा तर नियमांचा विषयच नाही, तो थेट भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचा आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच घेतल्याची शिक्षा कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं. ‘काम करून द्यायचं ठरलं नव्हतं’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही, कारण काम नीट न करण्यासाठी किंवा एखाद्याला झुकतं माप देण्यासाठी अयोग्य लाभ घेणं हेच गुन्ह्यात येतं, मग बोलणं झालेलं असो वा नसो, कोर्ट आजूबाजूची परिस्थिती बघतं.

सीनियर म्हणतात यात काही नसतं. तर मग कॉन्ट्रॅक्टर देतो कशाला? तो धंदा करतो, तो प्रत्येक पाकिटाचा खर्च कुठेतरी लावतोच, रस्त्याच्या डांबरात लावेल नाहीतर पाईपच्या जाडीत लावेल. आणि तुला काय मागितलं जाणार हेही दरवेळी काम कर असं नसतं. बहुतेक वेळा ‘बघू नको’ एवढंच असतं. साईटवर जाऊन मोजमाप घेऊ नको, त्या तारखेला रजेवर जा, फाईल आठवडाभर तशीच पडू दे.

बघायचं काम ज्यांचं होतं त्यांनी बघितलं नाही तर काय होतं हे ठाण्याला सांगायची गरज पडू नये. 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत पडली, 74 माणसं गेली. सात मजले बेकायदेशीर उभे राहिले होते, तेही काही महिन्यांत, आणि खालच्या मजल्यांवर माणसं राहायला आली असताना वर बांधकाम चालूच होतं. सात मजले रात्रीतून चढत नाहीत. रेतीचे ट्रक येतात, सळया येतात, स्लॅब पडतो, सगळं भर रस्त्यावरून दिसतं. बिल्डरबरोबर महापालिकेचे अधिकारी, एक नगरसेवक आणि पोलीस यांनाही अटक झाली होती, आरोप होता पैसे घेऊन डोळेझाक केल्याचा. तिथे मेलेल्यांमध्ये मजूर होते, लहान मुलं होती. तुझ्या टेबलावरच्या डब्याचा आणि त्या इमारतीचा थेट संबंध मी लावत नाहीये, पण ‘बघू नको’ची किंमत कुठपर्यंत जाऊ शकते हे तुझ्या वयाच्या प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याने डोक्यात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता पुढच्या दिवाळीचं. भाषण देऊ नकोस, कुणाकडे रागाने बघू नकोस. माणूस टेबलापाशी आला की उभं राहून, हसून सांगायचं, आपल्याला चालत नाही, घेऊन जा. तू जागेवर नसताना ठेवून गेला तर त्याच दिवशी परत पाठवायचं, आणि साहेबांना दोन ओळींचा ईमेल, अमुक यांच्याकडून वस्तू आली होती, परत केली. ईमेल कुणावर आरोप करायला नाही, उद्या पाकीट घेणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव कुणी घातलं तर तारीख-वेळेसकट कागद असावा म्हणून. सीनियरना एकटं गाठून एवढंच सांग की मी तुमच्याबद्दल कुठे काही बोललो नाही, बोलणारही नाही, पण मला जमणार नाही. काही जण त्यानंतरही टाळतील. पण अशा ऑफिसात दोन-तीन तरी माणसं असतातच जी स्वतःही घेत नाहीत आणि गप्प बसून असतात, ती हळूहळू तुझ्याजवळ येतील. जेवणाचा डबा त्यांच्याबरोबर खा.

प्रश्न: आमच्या नाक्यावरची बाकडी, बसस्टॉप, ओपन जिम, सगळ्यावर ‘यांच्या प्रयत्नातून’ असं लिहून नाव आणि फोटो. निधी सरकारी, म्हणजे आमचाच. हे चालतं का?
— कोपरखैरणे

उत्तर: सरकारी जाहिरातींवर कुणाचे फोटो असावेत यावर सुप्रीम कोर्टाने मे 2015 मध्ये बंधनं घातली होती, आधी फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश, मग मार्च 2016 मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनाही परवानगी मिळाली. पण ते जाहिरातींबद्दल होतं, बाकड्यांपर्यंत ते पोचत नाही. बेकायदा बॅनर असेल तर 1995 चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे, मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2017 मध्ये सगळ्या पालिकांना त्याबद्दल खडसावून आदेशही दिलेत, त्याची तक्रार वॉर्ड ऑफिसला फोटोसकट करा. बाकड्यावरच्या नावाला मात्र लोकांनीच नापसंती दाखवायला हवी. मी तरी पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की विचारेन, बाकड्यावर तुमच्या नावाऐवजी किती रुपयांचं काम, कुठला कॉन्ट्रॅक्टर, आणि किती वर्षांची गॅरंटी हे लिहाल का? जिमची मशीन मोडली की नाव असलेल्याला फोन करायचा का, तेही विचारा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. आमच्या वेळी रेल्वे अपघात झाला म्हणून शास्त्रीजींनी राजीनामा दिला. आज कुणाला लाज वाटत नाही. ती माणसंच वेगळी होती असं म्हणायचं का?
— नौपाडा

उत्तर: सर, नमस्कार. शास्त्रीजींचं उदाहरण मलाही फार जवळचं आहे, 1956 च्या नोव्हेंबरातला अरियालूरचा अपघात, चूक त्यांची स्वतःची नव्हती तरी ते गेले. पण माणसंच वेगळी होती असं म्हटलं की आपण हात झटकून मोकळे होतो, म्हणून मी तुम्हाला त्याच काळातली दुसरी बाजू आठवून देते.

1951 मध्ये, म्हणजे पहिली निवडणूकही व्हायच्या आधी, हंगामी संसदेत एच. जी. मुदगल नावाचे मुंबईचे सदस्य होते. मुंबईच्या बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून, पैसे घेऊन ते त्यांच्या सोयीचे प्रश्न सभागृहात मांडायचे. स्वातंत्र्य मिळून चार वर्षं झाली होती, सभागृहात तुरुंगवास भोगलेली माणसं बसली होती, तरी हे झालं. वेगळं होतं ते पुढचं. नेहरूंनी स्वतःच्याच पक्षाच्या माणसाविरुद्ध प्रस्ताव आणला, टी. टी. कृष्णमाचारींच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, दोष सिद्ध झाला. चर्चा चालू असतानाच मुदगलांनी राजीनामा दिला तर सभागृहाने तोही तसा जाऊ दिला नाही, ते हकालपट्टीलाच पात्र होते असं ठरावात नोंदवलं. आणि त्याच कृष्णमाचारींना 1958 मध्ये अर्थमंत्रिपद सोडावं लागलं, कारण एलआयसीचे पैसे उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत कसे गेले याची चौकशी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी उघड्यावर केली, लोक आत मावेनात म्हणून बाहेर लाउडस्पीकर लावले होते.

आपल्या राज्यातही पुढे तसंच झालं. सिमेंट वाटप आणि ट्रस्टच्या देणग्यांच्या प्रकरणात हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी 1982 मध्ये अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मुलीच्या एमडीच्या मार्कांवरून हायकोर्टाने ताशेरे ओढले आणि 1986 मध्ये निलंगेकरांचंही मुख्यमंत्रिपद गेलं. 2005 च्या डिसेंबरात प्रश्न विचारायला पैसे घेताना 11 खासदार कॅमेऱ्यात सापडले, त्यात महाराष्ट्रातलेही होते, आणि पंधरा दिवसांच्या आत संसदेने सगळ्यांना घरी पाठवलं. म्हणजे 1951 आणि 2005, गुन्हा जवळपास एकच, पैसे घेऊन प्रश्न. आणि दोन्ही वेळा कुणीतरी विचारणारं होतं, कधी सभागृह, कधी कोर्ट, कधी पत्रकार, आणि विचारलेलं सगळ्यांना दिसत होतं.

ब्रिटनमध्ये 1994 साली अगदी हाच प्रकार झाला, खासदार पैसे घेऊन प्रश्न विचारतात म्हणून बोंब झाली, तेव्हा लॉर्ड नोलन यांची समिती नेमली गेली. त्यांनी 1995 मध्ये सात तत्त्वं सांगितली, निःस्वार्थपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, मोकळेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. वाचायला शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखी वाटतात. पण समिती तेवढ्यावर थांबली नाही, ती कायमची बसवली गेली आणि 2025 पर्यंत चालू होती, आणि तिच्या सूचनेवरून संसदेत खासदारांच्या वागणुकीवर लक्ष ठेवायला वेगळा अधिकारी आला. आपल्याकडेही असा विचार फार आधी झाला होता बरं का. आपले सी. डी. देशमुख, कुलाब्याचे म्हणजे आत्ताच्या रायगडचे खासदार, मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले, त्यांनी 1959 मध्येच मागणी केली होती की मोठ्या पदावरच्यांच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र न्यायाधिकरण असावं. 1972 मध्ये लोकायुक्त प्रत्यक्ष सुरू करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र. पण आपल्याकडच्या लोकायुक्ताने शिफारस करायची आणि सरकारने ती मानायची की नाही ते ठरवायचं, असंच वर्षानुवर्षं चालत आलं. राग धरायचा तर सर, तो माझ्या मते इथे धरावा. लाज वाटणं न वाटणं हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे, विचारणाऱ्याच्या हातात काय दिलंय हे आपण ठरवू शकतो.

प्रश्न: मुंढे साहेबांसारखा एक कडक आयुक्त दिला की सगळं सरळ होतं. मग सरकार असे अधिकारी टिकू का देत नाही?
— नेरुळ

उत्तर: तुकाराम मुंढे नवी मुंबईत मे 2016 मध्ये आले, सकाळी लोकांबरोबर चालत तक्रारी ऐकायचे, कर्मचारी वेळेवर यायला लागले हे तुम्ही पाहिलंय. ऑक्टोबरमध्ये महासभेत त्यांच्यावर मोठ्या बहुमताने अविश्वास आला, सरकारने तेव्हा तो मानला नाही, पण मार्च 2017 मध्ये बदली झालीच, वर्ष पूर्ण व्हायच्या आत. बदल्यांचा 2005 चा कायदा म्हणतो साधारण मुदत तीन वर्षं. अपवादाची वाट त्याच कायद्यात ठेवली आहे आणि गर्दी सगळी त्या वाटेवर. ठाण्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी टी. चंद्रशेखर होते, रस्ते रुंद केले, जुने ठाणेकर अजून सांगतात.

मला अशा अधिकाऱ्यांबद्दल आदर आहे, आणि तरी मला तुमचं म्हणणं पूर्ण पटत नाही. निवडून आलेल्या लोकांनाही म्हणणं मांडायचा अधिकार आहे, ठराव करायचा अधिकार आहे, तो ठराव त्यांनी का केला हे विचारायचा अधिकार आपल्याला आहे. दोघांनाही प्रश्न विचारता आले पाहिजेत. नवी मुंबईत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक बघत होते. म्हणजे नगरसेवकांचा अडथळा नसलेला कारभार आपण सगळ्यांनी बघून घेतला. तेव्हा खड्डे बुजले का, फाईली पळाल्या का, ज्याचं त्याने आठवावं. माझ्या अनुभवात तरी फरक एवढाच पडला की विचारायचं कुणाला तेच कळेना.

कडक माणूस गेल्यावरही टिकतं ते त्याने लावून ठेवलेलं काम, ऑनलाइन टेंडर, नकाशांची ऑनलाइन मंजुरी, तक्रारीला नंबर. तेवढं बघा आणि तेवढ्यासाठी भांडा.

प्रश्न: एका दाखल्यासाठी दोन हजार मागितले. वडील म्हणतात देऊन टाक, मुलीची ॲडमिशन अडेल. द्यायचे नाहीत, पण काम पण व्हायला हवंय. काय करू?
— कळवा

उत्तर: आधी हे बघा की तुमचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो का. 2015 चा कायदा आहे, बहुतेक महसूलचे दाखले त्यात आहेत. ऑफिसात बोर्ड असायलाच हवा, कुठली सेवा, किती दिवसात, देणारा अधिकारी कोण, अपील कुणाकडे. अर्ज ‘आपले सरकार’वरून टाका म्हणजे तारखेसकट पावती मिळते. मुदत उलटली की लगेच पहिलं अपील करा, ते फुकट आहे, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. बऱ्याच वेळा अपील टाकलंय एवढं कळल्यावरच फाईल हलते. अर्ज अडलाय कुठे हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच ठेवायचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा, 30 दिवसांत उत्तर. नाही आलं तर तिथेच पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे, आपल्या भागासाठी कोकण खंडपीठ बेलापूरलाच आहे, लांब जायला नको. फक्त तुमची ॲडमिशनची तारीख जवळ असेल तर माहिती अधिकाराच्या भरवशावर राहू नका, त्याला वेळ लागतो.

आता पैसे मागितले त्याचं. अँटी करप्शनचा नंबर 1064, चोवीस तास. तिथे तक्रार दिली की ते लगेच धाड घालत नाहीत, आधी पडताळणी करतात, पंचासमोर त्या माणसाशी तुमचं बोलणं रेकॉर्ड होतं, मागणी खरी आहे हे दिसलं की सापळा लावतात. नोटांना पावडर लावलेली असते, साध्या डोळ्यांना दिसत नाही, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली बोटं चमकतात. पंच दोन, ते सहसा दुसऱ्या सरकारी ऑफिसातले. तुम्हाला नंतर कोर्टात साक्षीला जावं लागेल, हे मी लपवणार नाही, तारखा पडतात, दोन-चार वर्षं सहज जातात. तेवढी तयारी असेल तरच या वाटेने जा, आणि गेलात तर मध्ये फिरू नका, तक्रारदार फिरला की केस ढिली पडते.

वडिलांना एक गोष्ट मात्र नीट सांगा. 2018 पासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा अँटी करप्शनला कळवलं पाहिजे, तरच सुटका. आणि देण्याआधीच त्यांना सांगून त्यांच्या सांगण्यावरून दिलीत तर तुमच्यावर काही येत नाही. म्हणजे ‘देऊन टाक’ हा दिसायला सोपा आहे, पण त्यात तुमचं नाव त्याच्या बरोबरीने अडकतं.

तक्रार करायची नसेल तरी निदान एवढं करा, पुढच्या खेपेला एकट्या जाऊ नका, कुणाला तरी बरोबर न्या, आणि खिडकीवर मोठ्याने विचारा, पावती मिळेल का? सरकारी फी असेल तर पावती मिळते. रांगेतल्या बाकीच्यांनाही ऐकू जाऊ दे. आणि मुदत उलटली असेल तर उद्याच पहिलं अपील टाका, ॲडमिशनची तारीख त्यात ठळक लिहा, प्रवेशपत्राची झेरॉक्स जोडा. दाखला मिळाला की कळवा, न मिळाला तर नक्की कळवा, पुढच्या अंकात अपिलाचा नमुना छापायचा विचार आहे, तुमच्या अर्जात काय अडलं ते त्यात घेता येईल.